बीच आणि कुलदैवत यांच्या मधला गोवा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही "तीन दिवसांत गोवा" असं अख्खं पान दिलं होतं. बागा, कळंगूट, आग्वाद, संध्याकाळी क्रूझ, दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्याची चर्च आणि जाता जाता मंगेशी. यात चुकीचं काहीच नाही, मीसुद्धा कॉलेजच्या वयात असाच गोवा बघितला. पण पान वाचून झाल्यावर वाईट वाटलं, कारण आपल्याकडची माणसं वर्षातून दोन-दोनदा गोव्याला जातात आणि तरी गोवा बघायचा राहूनच जातो, आणि तो का राहतो ते मला गेल्या वीस वर्षांत नीट कळलंय, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं मोठं होईल, जागा असेल तेवढं छापा.

आपली गोव्याची ट्रिप दोनच प्रकारची असते. मित्रांबरोबर गेलो तर बीच. घरच्यांबरोबर गेलो तर कुलदैवत, म्हणजे फोंडा, अभिषेक, प्रसाद, आणि पोरं हट्ट करतात म्हणून परत एक बीच. या दोन्हीच्या मधे जो गोवा आहे, डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण, तिकडे गाडी वळतच नाही. वळली तरी दूधसागरपुरती.

आता गोवा किती मोठा आहे बघा. सगळ्या राज्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. आमचा एकटा कोल्हापूर जिल्हा 7,685 आहे, म्हणजे अख्खं राज्य आमच्या जिल्ह्याच्या निम्मंसुद्धा नाही. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत जेमतेम 105 किलोमीटर. कुठेही राहिलात तरी सकाळी निघून बघून संध्याकाळी परत येता येतं. त्यामुळे वेळ नाही, लांब आहे, ही कारणं गोव्याच्या बाबतीत चालत नाहीत. खरं कारण एवढंच की कुणी सांगितलेलं नसतं.

मला सांगणारं माणूस मिळालं. आमची अक्का डिचोलीला दिली. दाजींना या सगळ्याची मनापासून आवड, आणि पाहुणा आला की त्याला मागे बसवून स्कूटर काढायची ही त्यांची सवय. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी म्हटलं दाजी बीचवर जाऊया, तर म्हणाले, "बीच कुठे पळून जात नाही रे, आधी देव कुठल्या वाटेने आला ते तुला दाखवतो."

तर त्या वाटेबद्दल आधी सांगतो, कारण माझ्या मते गोव्यातली सगळ्यात सुंदर अर्ध्या दिवसाची सफर हीच आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाहीच.

जुन्या गोव्यात चर्च बघायला तर सगळेच जातात. तिथूनच खाली व्हाइसरॉयच्या कमानीतून नदीकडे गेलं की फेरीबोटीचा धक्का लागतो. पायी माणसाला फेरीला पैसे लागत नाहीत. बोट पाचेक मिनिटांत मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर सोडते आणि तुम्ही एकदम दुसऱ्याच जगात येता, भाताची खाचरं, बगळे, जुनी कौलारू घरं, आणि हॉर्नचा आवाज नाही. या दिवाडी बेटावर नार्वे म्हणून भाग आहे, तिथे सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं. हा पूर्वी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांचा देव. 14व्या शतकात बहामनी सैन्याने ते देऊळ मोडलं, मग विजयनगरच्या माधवमंत्र्याने परत उभं केलं, मग 16व्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग म्हणे विहिरीवर पाणी ओढायच्या रहाटाला लावलं होतं, असं लोक सांगतात, आणि रात्रीतून काही जणांनी ते उचलून नदीपलीकडे नेलं. पलीकडे म्हणजे डिचोलीच्या बाजूला, जिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. तिथे देवाची स्थापना झाली आणि त्या गावालाही नार्वेच म्हणतात. तिथलं पडीक झालेलं देऊळ 1668 साली खुद्द शिवाजी महाराजांच्या आज्ञेने नव्याने बांधलं गेलं.

आता गंमत बघा, दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला, नार्वे धक्क्यावर, अजून एक फेरीबोट आहे जी पलीकडच्या नार्व्याला सोडते. म्हणजे देव ज्या पाण्यावरून गेला असेल त्याच पाण्यावरून आपण जातो. दाजींनी त्या बोटीवर स्कूटर चढवली आणि इंजिन बंद करून मला म्हणाले आता बोलू नकोस, बघ. एका काठावर मोडलेल्या देवळाची जागा, दुसऱ्या काठावर महाराजांनी बांधलेलं देऊळ, मधे नदी. मी कोल्हापूरचा, लहानपणापासून गडकिल्ले केलेले, शिवजयंतीला मिरवणुकीत नाचलेला, आणि हे देऊळ मला तिशीपर्यंत माहीत नव्हतं याची त्या दिवशी खरंच लाज वाटली. 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, आता छान दिसतं, समोर दीपमाळ, आत ते पैलू पाडलेलं लिंग, आणि चारी बाजूंना झाडी. तरी बाहेरच्या राज्यातली गाडी तिथे मला क्वचितच दिसते.

त्याच वाटेवर अजून एक गोष्ट आहे जिला कुणी पर्यटनस्थळ म्हणणार नाही पण मी म्हणतो. दिवाडी आणि शेजारच्या चोडण बेटावर नदीकाठाला खाजन जमिनी आहेत. खाजन म्हणजे खाडीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली असलेली शेती, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. त्या बांधात ठिकठिकाणी दरवाजे असतात, त्याला मानस म्हणतात. लाकडी दरवाजा, वर बिजागरी, बस. भरती आली की बाहेरचं खारं पाणी दरवाजाला ढकलतं आणि तो आपोआप घट्ट बसतो. ओहोटी लागली की बाहेरचं पाणी उतरतं, आतलं पाणी ढकलतं आणि दरवाजा उघडून आतलं पाणी बाहेर जातं. मोटर नाही, वीज नाही, माणूसही रोज उभा राहत नाही. पावसाळ्यात खारेपणा सहन करणारं कोरगुट भात लावतात आणि उरलेल्या दिवसांत त्याच पाण्यात मासे धरतात. मी एकदा दुपारभर अशा एका मानशीवर बसून होतो, ओहोटी लागताना तो दरवाजा आधी नुसता थरथरतो, मग फटीतून पाण्याची एक पट्टी येते, मग हळूहळू सगळा उघडतो आणि खंड्या पक्षी बरोबर त्याच वेळी समोरच्या काठीवर येऊन बसतो कारण त्याला माहीत असतं की मासे आता बाहेर येणार. शेकडो वर्षं चाललेली ही व्यवस्था आहे, शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना हे दाखवायला नको का? पण बस थेट वॉटर पार्कला जाते.

देवांच्या वाटेचं म्हणाल तर ही एकच नाही. फोंड्याला आपण ज्या ज्या देवळांत जातो त्यातले बरेच देव मूळचे दुसरीकडचे, पोर्तुगीजांच्या भीतीने असेच हलवलेले. मंगेशी कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा केळशीची. माशेलचा देवकीकृष्ण चोडण बेटावरचा, आणि या देवळात कृष्ण आई देवकीबरोबर आहे, असं देऊळ फार कमी बघायला मिळतं, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी तिथे चिखलकाला होतो, लहानथोर सगळे देवळासमोरच्या चिखलात लोळतात. तिसवाडीतल्या करमळीचा ब्रह्मदेव तर लोकांनी पार सत्तरीत डोंगरापाशी नेला, त्या गावाला आता ब्रह्मकरमळी म्हणतात, कदंबांच्या काळातली ती मूर्ती बघाल तर हात आपोआप जोडले जातात. माझी फार इच्छा आहे की ज्यांचं कुलदैवत गोव्यात आहे अशा आपल्याकडच्या कुटुंबांनी फोंड्याला अभिषेक झाला की एकदा तरी देवाच्या मूळ गावी जाऊन यावं. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. आपल्या पूर्वजांनी काय उचलून, कसल्या भीतीत, रात्रीच्या अंधारात ही वाट काढली असेल हे मुलांना तिथे उभं राहूनच कळतं, घरात बसून सांगितलं तर नुसतं हो हो करतात.

कदंब कदंब म्हणतोय तर तेही सांगतो. गोव्यातल्या सरकारी बसला सगळे "कदंबा" म्हणतात, आपणही म्हणतो, कदंबा कितीला आहे, कदंबा चुकली. हे त्याच राजघराण्याचं नाव. त्यांची जुनी राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर गाव, मडगावच्या पलीकडे. तिथे जुन्या देवळाच्या पायाचे अवशेष आणि डोकं तुटलेला नंदी आहे, पर्यटक येतात ते शेजारच्या ब्रागांझा वाड्यासाठी आणि तो वाडा बघण्यासारखा आहेच, पण दोन मिनिटं नंदीपाशी पण जा.

कदंबांच्या काळातलं जे एक देऊळ बऱ्यापैकी शाबूत उभं आहे ते तांबडी सुर्लाचं महादेवाचं. पणजीपासून साधारण 65 किलोमीटर, मोलेच्या जंगलाच्या बाजूला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी, आणि एवढं आडबाजूला होतं म्हणूनच वाचलं असं सगळे सांगतात. गोव्यात जिकडे तिकडे जांभ्याचे चिरे, आणि हे देऊळ मात्र काळ्या दगडाचं. जांभ्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून कारागिरांनी दुसरा दगड आणला. छताला कोरलेलं कमळ आहे, खांबाच्या पायाशी घोड्याला तुडवणारा हत्ती आहे. शेजारून नदी वाहते. तिथे सकाळी लवकर जा, देऊळ पूर्वाभिमुख आहे, ऊन सरळ आत जातं. दुपारी सहलीच्या बस आल्या की स्पीकर लावून डबे उघडतात लोक, ते बघवत नाही.

आता ज्या जागेसाठी मी खरंतर हे पत्र लिहायला बसलो तिच्याकडे येतो. सांगे तालुक्यात रिवणच्या पुढे, कुशावती नदीच्या काठावर उसगाळीमळ म्हणून जागा आहे, काही जण पणसायमळ म्हणतात. तिथे नदीकाठच्या सपाट जांभ्यावर आदिमानवाने कोरलेली शंभरच्या वर चित्रं आहेत. 1993 मध्ये पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे संचालक डॉ. प्र. पां. शिरोडकर यांनी ती उजेडात आणली, गावातल्या लोकांनी त्यांना दाखवली म्हणून. आपल्याकडे रत्नागिरी, राजापूरच्या कातळशिल्पांबद्दल हल्ली खूप छापून येतं, चांगलं आहे, पण त्याच जातीचा ठेवा तुमच्या गोवा ट्रिपमध्ये दीड-दोन तासांवर आहे हे कुणी लिहीत नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते भाड्याच्या गाडीने, मी, बायको आणि दोन मुलं. ज्याच्याकडून गाडी घेतली होती तो माणूस सकाळी म्हणाला तिकडे काही नाहीये साहेब, नुसते दगड आहेत, पेट्रोल फुकट घालवताय. मोबाइलचा नकाशा एका ठिकाणी जाऊन थांबला, तिथे फाट्यावर पाटी होती पण इतकी फिकट की अक्षर लागत नव्हतं. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, ते गुरं घेऊन चालले होते, त्यांनी गुरं मुलाच्या स्वाधीन केली आणि स्वतः आमच्याबरोबर आले. खाली नदीकाठी पोचलो तर खरंच समोर नुसता कातळ. मे महिन्याची दुपार, डोळे दिपत होते, काहीही दिसेना. धाकटी रडवेली झाली, म्हणाली बाबा इथे काहीच नाहीये. त्या आजोबांनी काही न बोलता नदीतून बाटलीभर पाणी आणलं आणि एका जागी हळूहळू ओतायला सुरुवात केली. पाणी खाचेत शिरलं आणि खाचेतून पुढे धावायला लागलं, वळलं, परत वळलं, आणि आमच्या डोळ्यांसमोर पाण्याने एक मोठा बैल काढला. वशिंड, शिंगं, पोटाची रेघ, सगळं. मुलगी एकदम गप्प झाली. मग तीच बाटली घेऊन धावत सुटली. हरीण निघालं, नाचणारी बाई निघाली, पक्षी निघाला, आणि शेवटी ते चक्रव्यूहासारखं वर्तुळ, एकात एक फिरत जाणाऱ्या रेघा, त्यात पाणी सोडलं तर बराच वेळ फिरत राहतं. आम्ही तिथे अडीच तास होतो. संध्याकाळी ऊन तिरपं झाल्यावर पाण्याची गरजच उरली नाही, सावल्यांनी सगळ्या रेघा आपसूक वर आल्या. म्हणून सांगतो, जाणार असाल तर उन्हं उतरताना जा, आणि पावसाळ्यात शेवाळ असतं, नदी भरलेली असते, तेव्हा जाऊ नका. आणि कृपा करून खडूने, कोळशाने त्या रेघा गिरवू नका, बूट घालून त्यावर उभे राहू नका. जांभा मऊ दगड आहे, झिजतो. हजारो वर्षं नदीने राखलेली चित्रं आपण फोटोसाठी पुसून टाकायची का?

त्या आजोबांना पैसे द्यायला गेलो तर घेईनात. शेवटी बायकोने डब्यातल्या दशम्या दिल्या त्या मात्र घेतल्या.

आणि आता कुर्डी. हे सांगताना मला दरवेळी भरून येतं. सांगे तालुक्यातच साळावली धरण आहे, दक्षिण गोव्याला प्यायचं पाणी तिथून जातं. त्या धरणाखाली 1980च्या दशकात कुर्डी गाव गेलं. लोक उठून दुसरीकडे वसले. पण दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात पाणी उतरलं की गाव परत वर येतं. घरांची जोती, विहिरी, नारळाच्या झाडांचे बुंधे, जुना रस्ता, आणि सोमेश्वराचं छोटं देऊळ. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मूळचे गावकरी सगळीकडून तिथे जमतात, पूजा होते, ख्रिश्चन गावकऱ्यांचं चॅपेलचं फेस्तही होतं. मग जून लागला, पाऊस पडला की गाव परत पाण्यात.

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचं हे गाव. किशोरीताई आमोणकरांच्या आई. 1904 सालचा त्यांचा जन्म. माझ्या आईने रेडिओवर मोगूबाईंना ऐकलेलं, किशोरीताई तर आमच्या घरात रोज सकाळी असायच्या, पण "कुर्डीकर" हे आडनाव ज्या गावावरून आलं ते गाव वर्षातले दहा-अकरा महिने पाण्याखाली असतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा भेगा पडलेल्या चिखलावरून चालत होतो, टाच टेकली की वरचा पापुद्रा मोडायचा आणि आत अजून ओल लागायची. सत्तरीच्या आसपासच्या एक बाई दोन नातवंडांना घेऊन एका जोत्यावर उभ्या होत्या. इथे चूल होती, इथे बाळंतिणीची खोली, हे माझं तुळशीचं वृंदावन. नातू विचारतो, आजी छप्पर कुठे गेलं. त्या त्याला उत्तर न देता वाकून वृंदावनाच्या जागेवरचा सुका चिखल हाताने बाजूला करत राहिल्या. पदरात बांधून आणलेली फुलं ठेवली. मी लांबूनच नमस्कार केला, फोटो काढला नाही.

कुर्डीचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ मात्र बुडू दिलं नाही, ते एकेक दगड उतरवून धरणाच्या जवळ परत उभं केलंय, तेही बघा. एका दिवसात कुर्डी, ते देऊळ, धरणाचा तो बदकाच्या चोचीसारखा सांडवा आणि परतीच्या वाटेवर रिवण, उसगाळीमळ एवढं आरामात होतं.

बाकीचं थोडक्यात सांगतो नाहीतर पत्र संपायचं नाही. नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाच्या तळीत खालून सतत बुडबुडे येतात, पायऱ्यांवर पाय सोडून शांत बसा, छोटे मासे पायाला येतात. साखळीजवळ हरवळ्याला जांभ्यात कोरलेल्या जुन्या गुंफा, आत शिवलिंगं, आणि खाली धबधबा, पावसाळ्यात आवाजाने बोलणं ऐकू येत नाही. फोंड्याजवळ खांडेपारच्या गुंफा. काणकोणात काब द राम, ज्याला खोलगड म्हणतात, तटावरून समुद्र बघाल तर बागा विसराल.

एवढं सगळं मी अक्काच्या घरी एकदा उत्साहाने बोलत होतो तर दाजींचा पुतण्या म्हणाला, काका, तुम्ही कृपा करून पेपरात वगैरे लिहू नका. त्याचं म्हणणं होतं की जी जागा व्हायरल झाली तिची वाट लागली, धबधब्यांवर बाटल्यांच्या काचा, पायात घुसतात, बुडून माणसं मरतात, गावातल्या बायकांना पाणी भरायला जायची चोरी होते. मी त्याच्यावर बरेच दिवस विचार केला. त्याचं निम्मं मला पूर्ण पटलं. म्हणून सत्तरीतल्या ज्या देवरायांत दाजी मला घेऊन गेले त्यांची नावं या पत्रात मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. तिथे चपला बाहेर काढून जातात, पान सुद्धा तोडत नाहीत, ती जागा गावाची आणि देवाची आहे, गावातलं कुणी स्वतःहून घेऊन गेलं तरच जावं. धबधब्यांची पण यादी मी देणार नाही.

पण उसगाळीमळ, नार्वे, तांबडी सुर्ला, कुर्डी यांच्याबद्दल मला उलटं वाटतं. अशा जागा कुणाला माहीत नसतात तेव्हा त्या सुरक्षित असतात असं नाही, तेव्हा त्यांचं काही झालं तरी कुणी बोलत नाही. उसगाळीमळच्या वरच्या अंगाला, त्या सगळ्या पट्ट्यात खनिजाच्या खाणी होत्या. गावकऱ्यांनी दाखवलं नसतं आणि शिरोडकरांनी ऐकलं नसतं तर त्या चित्रांचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही. पन्नास घरांतल्या मुलांनी एकदा ते पाणी ओतून बैल बघितला, तर उद्या त्याच्यासाठी भांडणारी पन्नास माणसं तयार असतील. आणि गावात चार पैसे येतील. तिकडची मुलं नोकरीला किनाऱ्यावर येतात, हॉटेलात भांडी घासतात, आणि त्यांच्याच गावात दाखवण्यासारखं इतकं पडलेलं आहे. एखाद्या घरात जेवणाची सोय झाली, भात, हुमण, सोलकढी, दोघा-तिघांनी वाट दाखवायचं काम घेतलं, एवढं पुरे. मोठं रिसॉर्ट नको.

तर माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली तुम्हाला. गोव्यावर पुढच्या वेळी पान काढाल तेव्हा एकच तालुका घ्या. फक्त सांगे, किंवा फक्त डिचोली. कसं जायचं, कुठल्या महिन्यात जायचं, कुठल्या महिन्यात अजिबात जायचं नाही, फेरीबोट किती वाजेपर्यंत असते, जेवण कुठे मिळेल, तिथे काय करू नये. लोकांना नावं नकोत, वाट पाहिजे असते. माझ्याकडे वीस वर्षांच्या वह्या आहेत, हव्या तर पाठवतो, मानधन वगैरे काही नको.

दुसरी तिकडच्या संबंधित खात्याला, तुमचा पेपर तिकडेही जातो म्हणून लिहितो. फाट्यावर वाचता येतील अशा देवनागरी पाट्या लावा. कातळचित्रांपाशी लोकांनी कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही याची साधी दोरी बांधा. आणि आठवड्यातून दोन दिवस तरी मडगावहून रिवण, नेत्रावळीकडे फिरून येणारी एखादी कदंबा सोडा, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करायचं.

वाचकांना काही सांगायचा मला अधिकार नाही, पण तीन दिवस जाताय तर एक दिवस बीचकडे पाठ करून गाडी पूर्वेला वळवा एवढंच म्हणतो, आणि नार्व्याच्या फेरीवर इंजिन बंद करा.

येत्या मे महिन्यात तिसऱ्या रविवारी आम्ही परत कुर्डीला चाललोय. या वेळी आई येते म्हणाली आहे. तिचं वय 78, गुडघे दुखतात, त्या चिखलातून तिला कसं चालवायचं ते अजून ठरत नाहीये, दाजी म्हणतात खुर्चीवर बसवून चौघं उचलून नेऊ. तिने आत्तापासून प्राजक्ताची फुलं वाळवून डबीत भरायला सुरुवात केलीये, मे महिन्यात ताजी मिळत नाहीत म्हणून.

आपला,
एक जुना वाचक
कोल्हापूर